वापरू देणे

नोटीस आली ती बाबांच्या नावाने.
श्री. बाळकृष्ण रामचंद्र बिडकर, परवानाधारक वीज ठेकेदार,
यांनी सात दिवसांत समक्ष हजर राहून खुलासा करावा.
बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.
पोस्टमनने सही माझी घेतली.

नऱ्ह्यात एक इमारत आहे म्हणे,
पाच मजली, लिफ्टसकट.
तिच्या चाचणी अहवालावर बाबांचा नंबर आहे,
तारीख गेल्या मार्चमधली.
गेल्या मार्चमध्ये मी त्यांचे चष्मे
कुणाला तरी देऊन टाकले होते.

नंबर मला पाठ आहे.
एकोणचाळीस शून्य बासष्ट.
तपकीर गल्लीत वायरचं बंडल उधार घेताना
बाबा नाव नाही, नंबर सांगायचे,
आणि ओसवालशेठ मान वर न करता लिहून घ्यायचे.
स्कूटरच्या डिकीवर तो त्यांनी पांढऱ्या रंगात काढला होता,
आरटीओच्या नंबराहून मोठा.
स्वारगेटच्या हवालदाराने एकदा
त्याच्यावरच पावती फाडली.

कार्यालयातल्या इनामदारबाईंनी फाइल माझ्याकडे वळवली.
सही खोटी होती, लगेच सांगितलं.
बाबांचा 'ब' पोट सुटल्यासारखा यायचा,
हा उपाशी होता.
बाई हसल्या नाहीत. नियम वाचून दाखवला,
पेन्सिलीचं टोक शब्दांखालून सरकवत:
दुसऱ्याचा परवाना क्रमांक वापरणे
किंवा वापरू देणे.
पेन्सिल थांबली नाही.
मी थांबले.

"कुणावर संशय?"
आठवून सांगते, म्हटलं.

आठवायचं काय त्यात. अंबादास.
चौदा वर्षं बाबांच्या शिडीचा पाय धरून उभा राहिलेला.
भिंतीवर टिचकी मारून
पाइप कुठून गेलाय सांगणारा,
आणि लेखी परीक्षेला तीनदा बसून
तिन्ही वेळा पुरवणी मागून कोरी परत देणारा.

रात्री बाबांच्या डायऱ्या काढल्या.
सोल्डरचा वास अजून होता.
जूनच्या एका पानावर, अगदी बारीक अक्षरात:
अं.ला नंबर दिला. चार हजार.
पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये: अं. नंबर. साडेचार.
असे चार जून.

माझ्या कॉलेजची फी जूनमध्ये भरावी लागायची.
तेव्हा मी विचारलं होतं, कुठून आणले?
बाबा म्हणाले होते, धायरीचं एक जुनं बिल निघालं.

शनिवारी नऱ्ह्याला गेले.
अंबादास जिन्याखाली मीटरच्या पेटीशी उकिडवा बसलेला.
"ताई," म्हणाला, आणि हात पँटला पुसले.
मी बोलले नाही. पर्समधून बाबांचा टेस्टर काढला,
लाल मुठीचा, दातांच्या खुणा असलेला.
त्याने आपणहून पेटी उघडून दिली.
फेजवर दिवा लागला.
न्यूट्रलवर नाही. पत्र्यावर नाही.
मग त्याने मागे नेऊन अर्थिंगचा खड्डा दाखवला,
मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी, वर झाकण.
"सरांनी शिकवलं तसंच," म्हणाला, "इंचभर कमी नाही."
आणि झाकण पायाने सरकवत,
"नंबर तेवढा आपला नाही."

वर कुणीतरी गीझर लावला.
एका मीटरचा तांबडा ठिपका भरभर लुकलुकायला लागला.
वीस घरं आहेत.
वीस घरांना वाटतं, खाली कुणीतरी बघून सही केलीय.
हे काम त्याने चोख केलं.
पुढचा अंबादास करेलच असं नाही,
आणि नंबर दोघांचाही तोच असेल.

खुलासा सोमवारी द्यायचा आहे.
पहिली ओळ लिहून झाली: परवानाधारक मयत आहेत.
दुसऱ्या ओळीत अंबादासचं पूर्ण नाव लागेल.
ते मला माहीत नाही.
चौदा वर्षं तो आमच्याकडे चहा प्यायला, मी आडनाव विचारलं नाही.

खाली सोबत जोडायच्या कागदांची यादी केलीय.
१) मृत्यूचा दाखला.
२)